देवमाशांची हाळी आणि काहिलीची सहावी कडी

अलास्काला जाऊन आलो म्हटलं की आमच्या गावात, गडमुडशिंगीत, पहिला प्रश्न येतो, "थंडी लई असंल न्हवं?" थंडी होतीच. पण मी तिथं काय बघितलं ते सांगायला बसलो की लोक मध्येच उठून जातात. त्यांना बर्फ ऐकायचा असतो आणि मी सांगतो काहिलीचं. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं. वाचणाऱ्याला मध्येच उठायचं तर उठू दे.

आधी घरचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचं गुऱ्हाळ होतं. मी धाकटा, बाहेरची धावपळ माझ्याकडं. थोरला भाऊ पांडबा, म्हणजे दादा, गुळव्या. रस उकळताना नुसता बघून सांगायचा, आता मळी काढा, आता जाळ कमी करा, आता उतरवा. एका काहिलीच्या रसाला आमच्याकडं आदण म्हणतात. दादाच्या हातून एक आदण कधी बिघडलं नाही. आसपासच्या गावांतनं लोक त्याला बोलवायला यायचे.

काहील म्हणजे दोन माणसं आत झोपतील एवढी लोखंडी कढई. तिला सहा कड्या, दादा धरून सहा माणसं. दादानं "उचला रंऽऽ" म्हटलं की सहाजणांनी एका दमात उचलायचं आणि पाक वाफ्यात, म्हणजे गार करायच्या हौदात, ओतायचा. अर्धा क्षण मागंपुढं झालं तरी खेळ खलास. ज्याची जागा ती त्याची. माझी सहावी कडी, चुलवाणाच्या, म्हणजे भट्टीच्या, तोंडाकडची. तिथं धग सगळ्यात जास्त. लहानपणापासून मला तिथंच उभं केलं होतं, का ते दादाच जाणे.

चार वर्षांपूर्वी मी गुऱ्हाळ बंद करायचं ठरवलं. माणसं मिळेनात, ऊस सरळ कारखान्याला जायला लागला. दादा हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. शेवटचं आदण लागलं त्या दिवशी मी गेलो नाही. सहाजणांची काहील पाचांनी उचलली. ती कलली, आणि उकळता पाक दादाच्या डाव्या हातावर सांडला. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी अजून सुरकुतलेली आहे.

त्या दिवसापासून दादा माझ्याशी बोलत नव्हता. शेजारी शेजारी घरं, मधे एक पेरूचं झाड, आणि चार वर्षं एक शब्द नाही.

निघताना

माझी मुलगी शीतल अलास्कातल्या जुनो नावाच्या गावात हॉस्पिटलात नर्स आहे. कधीपासून बोलवत होती. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, ती म्हणाली माझ्याच्यानं होणार नाही. तिची जागा रिकामी राहतेय म्हटल्यावर वहिनीनं परस्पर ठरवलं. म्हणाली, "भाऊजी, ह्यांना घेऊन जावा. दिवसभर बंद गुऱ्हाळाच्या दारात बसत्यात. मला बघवंना."

"माझ्याबरोबर येतील व्हय?"

"येतील. मी सांगितलंय, शीतलनं बोलवलंय म्हणून. तुमचं नाव काढलं न्हाई."

असे आम्ही दोन भाऊ एका विमानात, शेजारी शेजारी. दादाला काही हवं असलं की तो समोरच्या सीटच्या पाठीला सांगायचा, "पाणी मिळंल का कुणाकडनं?" मी पाणी मागवायचो. मग तो सीटला म्हणायचा, "बरं झालं." अर्धी पृथ्वी आम्ही अशी ओलांडली.

अमेरिकेत उतरल्यावर तपासणीच्या अधिकाऱ्यानं बॅगेतली गुळाची ढेप बाहेर काढली. उलटीपालटी केली, बोटानं टकटक वाजवली, वास घेतला. मी घामाघूम. दादा मात्र चार पावलं पुढं सरकून शुद्ध मराठीत त्याला म्हणाला, "पावणं, वाजवून काय कळतंय? साखर घातलीया त्यात. आमच्या घरचा न्हवं त्यो." अधिकाऱ्याला काय समजलं देव जाणे, पण हसून त्यानं ढेप परत दिली. "आमच्या घरचा न्हवं" हे मात्र मला बरोबर लागलं.

जुनो

जुनोला रस्ता जात नाही. एका बाजूला डोंगर, एका बाजूला समुद्र; यायचं तर बोटीनं नाहीतर विमानानं. पाऊस बघाल तर चंदगडचा सख्खा भाऊ. बारीक, चिकट, दिवसभर. पण चंदगडात पावसाबरोबर बेडकं ओरडतात, ओढे गर्जतात, बायका एकमेकींना हाका मारतात. इथं पाऊस पडतो तोही हळू आवाजात. कचऱ्याच्या डब्यांना अस्वलांनी उघडू नयेत म्हणून कड्या, आणि त्यावर गरुड बसलेला, आपल्याकडं घार बसावी तसा निवांत. लोक भले. रस्त्यात ओळख ना पाळख, पण हसून विचारतात, बरं आहे ना? आपल्याकडं पाव्हण्याला कुठल्या गावचं, कुणाचं, किती एकर असं सगळं विचारून मगच हसायचं असतं.

शीतलनं पहिल्या दिवशी तिथल्या साल्मन माशाचा रस्सा केला, घरून नेलेली चटणी घालून. दादानं एक घास खाल्ला. "मासा चांगला हाय," म्हणाला, "पण मसाल्याला भितोय." मग तिला म्हणाला, "तुझ्या बापाला वाढ. उपाशी बसलाय." मी दोन हातांच्या अंतरावर होतो.

शीतल बापाकडं बघे, काकाकडं बघे. ती लहानपणी दादाच्या खांद्यावर बसून काकवी पिणारी पोर. दादा आंघोळीला गेल्यावर मला म्हणाली, "आप्पा, तुम्ही त्या दिवशी का नव्हता गेला?"

"गडहिंग्लजला काम होतं."

"काय काम?"

मी खिडकीबाहेरचा पाऊस बघायला लागलो.

समुद्रावर

तिसऱ्या दिवशी शीतलनं आम्हाला बोटीवर नेलं. देवमासे दाखवणारी छोटी बोट. पंधरा-वीस माणसं आणि डॉना नावाची कप्तान. पन्नाशीची, केस पांढरे, आवाज आमच्या बाजारातल्या अडत्यासारखा. तिचं बोलणं शीतल आम्हाला मराठीत सांगत होती.

मी सकाळी भाकरी, खर्डा आणि वर दही असं दाबून खाल्लं होतं. बोट खुल्या पाण्यात शिरली आणि डुलायला लागली तसा माझा खर्डा वर यायला लागला. कठड्याकडं धावलो. वाकलो तो पाय घसरला, आणि मागून कुणीतरी माझी कॉलर गच्च धरली. डाव्या हातानं. सुरकुतलेल्या हातानं. मी सगळा नाश्ता अलास्काच्या समुद्राला अर्पण करेपर्यंत त्या हातानं कॉलर सोडली नाही. वळून बघितलं तर दादा दुसरीकडं बघत होता.

"शीतल, तुझ्या बापाला म्हणावं, वाकू नगंस एवढा."

तेवढ्यात डॉनानं इंजिन बंद केलं.

देवमासा म्हणजे मला वाटायचं एकटा, राजासारखा फिरणारा. हे हंपबॅक जातीचे, पाठीवर छोटं कुबड असलेले. पाठी दिसल्या, एक, दोन, चार, सात. फुस्स करून कारंजी उडाली. वारा आमच्याकडं होता. काय सांगू, कुजलेल्या माशांचा असा भपका आला की मी बाही नाकावर धरली. मग एकेकानं शेपटी वर काढली आणि सगळे खाली गेले. पाणी कोरं. 

डॉनानं पाण्यात माईक सोडला होता आणि त्याचा आवाज बोटीवर ऐकू येत होता. आधी नुसती खळखळ. मग एक आवाज निघाला. लांब, एका सुरातला, वर वर चढत जाणारा. अंगावर काटा आला. दादानं मान वर केली.

"ही कोण हाळी घालतंय?"

शीतलनं डॉनाला विचारलं. डॉनानं सांगितलं ते असं. हेरिंग नावाचा मासा असतो, आपल्या तारलीएवढा, थव्यानं राहणारा. एकट्या देवमाशाच्या तोंडात त्यातले थोडेच येतात, बाकीचे पसार होतात. म्हणून हे जमून काम करतात. एकजण थव्याच्या खालून गोल फिरत श्वास सोडतो. त्याचे बुडबुडे वर जाताना पाण्यात गोल भिंत तयार होते, आणि मासे ती ओलांडायला घाबरतात. दुसरा ही हाळी घालतो, तिनं मासे भेदरून वर वर सरकतात. बाकीचे कडेनं पांढरे पंख हलवत त्यांना आत रेटतात. आणि मग सगळे एकाच वेळी तोंडं उघडून खालून वर येतात.

ती बोलत होती तोवरच बोटीपुढं पाण्यावर बुडबुडे आले. एक, दोन, मग त्यांची ओळ, ओळ वळत वळत गोल झाली. आतलं पाणी फेसाळलं, गढूळलं, उकळल्यासारखं खदखदायला लागलं.

मी दादाकडं बघितलं. दादानं माझ्याकडं बघितलं. चार वर्षांत पहिल्यांदा. दोघांनाही एकच दिसत होतं. ते बोलून दाखवायची गरजच नव्हती. पेटलेलं चुलवाण, चिपाडांचा धूर, वरच्या वाशाला टांगलेला कंदील, मळी वर यायला रसात घालतात त्या भेंडीच्या पाण्याचा तो बुळबुळीत वास आणि कडेला उभी माणसं, दादाच्या तोंडाकडं बघत. डोळे भरून आले माझे. लाज कसली सांगायला.

हाळी थांबली. आणि समुद्र फुटला. सात तोंडं एकदम वर आली, एवढाली, की आमच्या गुऱ्हाळाचं दार त्यात गेलं असतं. गळ्याखालच्या चुण्या फुगलेल्या, कडेनं चंदेरी मासे उडताहेत, पक्षी तुटून पडलेत. दोन मिनिटं नुसता कल्लोळ. मग तोंडं मिटली, पाणी गळलं, सगळे शांतपणे शेजारी शेजारी श्वास घेत पडले. आदण उतरवल्यावर आम्ही पडायचो तसे.

"आयला," दादा म्हणाला. तेवढंच.

असं त्यांनी परत परत केलं. दादा आता कठड्याला चिकटला. तिसऱ्या वेळी बुडबुडे आले तसा तो एकदम ओरडला, "उचला रंऽऽ!" काहीच झालं नाही. बोटीवरचे लोक दचकून बघायला लागले. मासे आले ते बऱ्याच वेळानं.

"घाई झाली," दादा स्वतःशी म्हणाला. "मोठं बुडबुडं येत्यात तवर थांबायचं. बारीक यायला लागलं की मग. आपल्यागतच हाय."

चौथ्या वेळी त्यानं हात वर धरला. बुडबुडे मोठे आले, गोल जुळला. दादा गप्प. मग मधला फेस बारीक व्हायला लागला. दादाचा हात खाली आला, "उचला रंऽऽ!" आणि त्या शब्दाबरोबर सातही तोंडं वर!

बोटीवर जल्लोष. डॉनानं दादाला सलाम ठोकला. पाचव्या वेळी लोक पाण्याकडं बघायच्या ऐवजी दादाच्या हाताकडं बघत होते. सहाव्या वेळी टेक्सासचं एक म्हातारं जोडपं आणि दोन जपानी बायका मिळून "उसलाऽऽ" म्हणून ओरडले. माझा दादा, फेट्याऐवजी शीतलची गुलाबी कानटोपी घातलेला, आख्ख्या समुद्राची काहील उतरवत होता. चार वर्षांत त्याचा तो आवाज मी ऐकला नव्हता. तो आवाज मीच बंद केला होता.

मग डॉनानं एक गोष्ट सांगितली. यातले बरेचजण ती शेपटीखालच्या खुणांवरून ओळखते, आपण बैल ओळखतो तसे. उन्हाळ्यात ते इथं येतात, हिवाळ्यात दूर गरम पाण्यात जातात, पांगतात. रक्ताचं नातं असतंच असं नाही. पण एकत्र कामाला लागले की ज्याची जागा ती त्याची. डावीकडचा डावीकडंच वर येतो, दर वेळी.

"आणि एखादा आला न्हाई तर?" दादानं विचारलं.

शीतलनं विचारून सांगितलं, "ती म्हणते, ते तिला माहीत नाही."

 मला राहवलं नाही. आता नाही तर कधीच नाही असं वाटलं.

"दादा, गडहिंग्लजला माझं काही काम न्हवतं."

तो समुद्राकडं बघत राहिला.

"सकाळी निघालो होतो गुऱ्हाळाकडंच. वळणावरनं धूर दिसला. शेवटचा धूर. मीच बंद करायला लावलं, आणि मीच उभं राहून बघायचं? पाय उचलंना. गडहिंग्लजची एसटी आली, बसलो. स्टँडवर उतरलो आणि तिथंच बसून राहिलो. तुझा हात भाजला ते संध्याकाळी घरी आल्यावर कळलं. मग कुठल्या तोंडानं सांगायचं?"

 मग दादानं मान वळवली, माझ्याकडं, सरळ माझ्याकडं.

"स्टँडवर बसून काय केलंस?"

"चहा प्यालो."

"किती?"

"तीन."

"गाढवा," दादा म्हणाला.

चार वर्षांनी माझ्या भावानं मला मारलेली पहिली हाक. शीतल तोंडावर हात घेऊन रडायला लागली. मी हसत होतो की रडत होतो, मलाच ठाऊक नाही.

"माणूस हुतं की," दादा पुढं म्हणाला. "आपला शिवेजवळचा भूपाल आलता बघायला. मी धरतो म्हणाला तुझी कडी. मीच नगं म्हटलं."

"का?"

"तुझी जागा हाय ती. तू येशील म्हणून थांबलो. पाक पुढं जाऊन करपायला आला, मग पाचांनीच उचलली." त्यानं बाही खाली ओढली. "तुझा राग न्हवता रं. म्या हट्ट केला आणि हात भाजून घेतला, त्याची लाज वाटायची. तू दिसलास की लाज वाटायची."

म्हणजे चार वर्षं दोघंही लाजत होतो, आणि दोघांनाही वाटत होतं की समोरचा रागावलाय. मधे एक पेरूचं झाड. आहे की नाही कमाल?

घरी

जुनोत आम्ही अजून बारा दिवस होतो. बर्फाची नदी बघितली, अस्वल बघितलं, शीतलच्या मित्रमंडळींना भाकरी करून घातली. दादानं थापल्या, मी भाजल्या, बऱ्याचशा करपल्या. ते सगळं लिहीत बसत नाही. परतीच्या विमानात दादा इतका बोलला की मी झोपेचं सोंग घेतलं.

दिवाळीनंतर भूपाल घरी आला. भूपाल म्हणजे आमच्या शिवेजवळचा जैन शेतकरी, दादाचा शाळेपासूनचा दोस्त. त्याचं गुऱ्हाळ अजून चालू आहे आणि काहील अजून हातानंच उचलतात. त्याचा गुळव्या आजारी पडला होता. दादा लगेच उठला. आमची जुनी माणसं त्यानं हाका मारून गोळा केली. स्वतःच्या कडीला मात्र भूपालचा गडी उभा केला, कारण डाव्या हातात आता काहील उचलण्याएवढा जोर नाही. मला म्हणाला, "चारला ये."

मी कोल्हापुरातलं बाजाराचं काम उरकून साडेतीनला निघालो आणि उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगेत अडकलो. ज्यांनी हंगामात हा रस्ता बघितलाय त्यांना सांगायला नको. दादाजवळ फोन नाही, भूपाल उचलेना. शेवटी गाडी कडेला लावली आणि उसातनं पळत सुटलो. ह्या वयात.

पोचलो तेव्हा पाचजण आपापल्या कडीला उभे. जाळ ओढून घेतलेला, तरी काहील खदखदतच होती, आणि पाकाचा रंग बघूनच मला कळलं की वेळ होऊन गेलीय. भूपाल सहाव्या कडीजवळ हातात फडकं घेऊन उभा, कळवळून म्हणत होता, "अरं मी धरतो की! करपंल सगळं, पांडबा!" आणि दादा, ज्यानं जन्मात काहिलीवरची नजर काढली नाही, तो काहिलीकडं पाठ करून रस्त्याकडं बघत होता.

मी कडी धरली. धग तोंडावर आली, तीच.

"उचला रंऽऽ!"

एका दमात उचलली. थेंब सांडला नाही. मग दादानं वाफ्यातला पाक बोटावर घेतला, चाखला आणि म्हणाला, "करपला." दादाच्या हातून बिघडलेलं ते पहिलं आदण. भूपाल डोक्याला हात लावून बसला. दादा हसत होता.

तो काळा गूळ भूपालला म्हटलं आम्हालाच दे. दोघांच्या घरी वाटून घेतलाय. त्याचा चहा करपट लागतो, बायको नाक मुरडते, वहिनी म्हणते जनावरांना घाला. रोज सकाळी दादा पेरूच्या झाडाखाली येऊन माझ्या नावानं हाक मारतो, आणि आम्ही तोच चहा पितो.